ओव्हरडोसच्या वेळी हात पुढे यावा म्हणून: मंडळात नॅलॉक्सोनचं ट्रेनिंग कसं द्यावं

मी न्यू जर्सीत फार्मसिस्ट आहे. आमच्या काउंटरवर नॅलॉक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे फुकट मिळतो. हेरॉइन, फेंटानिल किंवा ऑक्सिकोडोनसारखं ओपिऑइड (अफूच्या जातीचं औषध) जास्त होऊन श्वास बंद पडायला लागला, तर तो परत आणणारं हे औषध. जानेवारी २०२३ पासून राज्याने ही सोय केली आहे. योजनेत असलेल्या कुठल्याही फार्मसीत जायचं, वय १४ किंवा त्याहून जास्त असलं की पुरे. नाव विचारत नाहीत, प्रिस्क्रिप्शन लागत नाही, पैसे लागत नाहीत. तरी आपली मराठी माणसं तो मागायला क्वचितच येतात. "आपल्यात कुणाला लागतंय?" हे एक कारण. दुसरं जरा आवाज खाली आणून सांगितलं जातं: "आणि लागलंच, तर मला जमणार आहे का ते?"

हे दुसरं कारण तासाभराच्या ट्रेनिंगमध्ये जातं. पहिलंही सुटतं, पण सावकाश. मंडळात, देवळाच्या हॉलमध्ये, लायब्ररीतल्या खोलीत मी ही ट्रेनिंग घेत असते. तुमच्या गावातल्या मंडळात ती कशी घ्यायची, कुठल्या क्रमाने, ते इथे लिहिते आहे. त्यासाठी डॉक्टर असायची गरज नाही. बहुतेक राज्यांचे आरोग्य विभाग आणि काउंटीतल्या संस्था आधी तुम्हालाच शिकवतात आणि किट देतात, तेवढं शिकून घ्या. कॅनडातल्या वाचकांनी जवळच्या फार्मसीत विचारावं, तिथेही बहुतेक प्रांतांत किट फुकट मिळतं.

आधी कळून घ्या, बदलायचं काय आहे

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ओव्हरडोस समोर घडला तर माणसाच्या मनाची स्थिती काय असते, ते मोजायला त्यात २८ विधानं आहेत. त्यांचे तीन गट पडतात: मला हे जमेल का, मला कशाकशाची धास्ती वाटते, आणि मी पुढे होईन का. जगभर अशा ट्रेनिंगच्या आधी आणि नंतर ही प्रश्नावली भरून घेतात. निकाल बऱ्याच ठिकाणी सारखाच येतो. 'जमेल' हा आकडा झपाट्याने वर जातो, धास्ती खाली येते, आणि 'पुढे होईन' हा आकडा फारसा हलत नाही, कारण तो आधीपासूनच वर असतो. विशेषतः ज्यांच्या घरात कुणी ओपिऑइड घेतं, त्यांची तयारी पहिल्या दिवसापासून असते.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लोकांना वाचवायचं असतंच, अडतं ते हाताशी आणि भीतीशी. म्हणून माझ्या ट्रेनिंगमध्ये 'जीव वाचवणं कसं थोर आहे' यावर एक मिनिटही जात नाही. आकडेवारीला एकच वाक्य देते: अमेरिकेत २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षांत दर वर्षी एक लाखाहून जास्त माणसं ओव्हरडोसने गेली, आणि त्यातली बहुतेक फेंटानिलसारख्या ओपिऑइडमुळे. यापुढे आकडे वाढवत नेले की लोक घाबरतात आणि घाबरलेला माणूस मागे सरतो.

नुसती पत्रकं वाटूनही भागत नाही. इंग्लंडमध्ये हेरॉइन घेणाऱ्यांच्या घरच्या माणसांवर एक चाचणी झाली, ती २०१४ मध्ये छापून आली. काहींना गटात बसवून शिकवलं, काहींना फक्त माहिती दिली. तीन महिन्यांनी शिकवलेली माणसं माहितीतही पुढे होती आणि मनाच्या तयारीतही.

सामान आणि जागा

पंधरा-वीस माणसं, पाऊण तास ते एक तास. यापेक्षा मोठा गट असला तर दोन गट करा, कारण प्रत्येकाच्या हातात स्प्रे जायलाच हवा. औषध नसलेला सरावाचा स्प्रे मिळतो, तो संस्थेकडून मागून घ्या. शिवाय तारीख उलटून गेलेले दोनचार खरे स्प्रे, तोंडाने श्वास देताना वापरायचे प्लास्टिकचे पडदे, जमिनीवर घालायला सतरंजी, कोऱ्या चिठ्ठ्या, पेनं. पुतळा मिळाला तर उत्तम, नाहीतर मंडळातलं एखादं कॉलेजचं पोर आनंदाने आडवं होतं. खुर्च्या गोल मांडा. रांगेत मांडल्या की मागच्या रांगेतली माणसं फक्त ऐकून घरी जातात.

चिठ्ठ्या

आल्याआल्या प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. वर सहा वाक्यं, समोर हो, नाही, माहीत नाही. नाव लिहायचं नाही. माझी वाक्यं ही:

ओव्हरडोस झालाय हे मला ओळखता येईल.
स्प्रे कसा मारायचा ते मला येतं.
माझ्या हातून काही चुकून त्याचं आणखी बिघडेल, अशी भीती वाटते.
शुद्धीवर आला की तो अंगावर येईल, अशी भीती वाटते.
पोलिसांच्या भानगडीत पडायला नको वाटतं.
मदत येईपर्यंत मी त्याच्याजवळ थांबेन.

चिठ्ठ्या गोळा करा आणि तिथेच चाळा. शेवटच्या वाक्यापुढे जवळजवळ सगळ्यांचं 'हो' असतं. ते मोठ्याने सांगा: "बघा, थांबायला तुम्ही सगळे तयार आहात. आता मधलं शिकू." खोलीतला ताण तिथेच थोडा सैल होतो.

भीती आधी, स्प्रे नंतर

बहुतेक ठिकाणी आधी स्प्रे दाखवतात आणि शेवटी "काही शंका?" असं विचारतात. तोवर लोकांची जायची घाई असते, आणि मनात भीती घेऊन बसलेल्या माणसाने स्प्रेचं काहीच ऐकलेलं नसतं. मी उलट करते. चिठ्ठ्यांतल्या भीती एकेक वाचून दाखवते आणि सरळ उत्तर देते. वेळ कमी असेल तर दुसरं काहीही कापा, हे कापू नका.

पहिली भीती चुकण्याची. ओपिऑइड मेंदूतल्या ठराविक जागांवर जाऊन बसतं आणि श्वास घेण्याची आज्ञा मंदावते. नॅलॉक्सोन त्याच जागांवर जास्त घट्ट बसतं आणि ओपिऑइडला तिथून उठवतं. त्या माणसाच्या अंगात ओपिऑइड नसेलच, तर या औषधाला करण्यासारखं काही उरत नाही. एका काकूंनी मला विचारलं होतं, "अगं, शुगर उतरून पडलेल्या माणसाला हे मारलं तर?" काही होणार नाही. शुगर वाढणार नाही आणि अपायही होणार नाही. ९११ ला (अमेरिकेतल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला) फोन आपण केलेलाच असतो, ते येऊन शुगर बघतील. काकूंचा प्रश्न मी आता प्रत्येक ठिकाणी स्वतःच मांडते, कारण आपल्या घरांत मधुमेह आहे आणि तो प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो.

दुसरी भीती माझ्या चिठ्ठीवर नाही, पण लोक बोलून दाखवतात: हात लावला तर फेंटानिल आपल्याला चढेल ही. असे व्हिडिओ फिरतात आणि लोक त्यावर विश्वास ठेवतात. अमेरिकेतल्या विषवैद्यांच्या संघटनांनी २०१७ मध्येच स्पष्ट केलं आहे की मदत करताना पावडर त्वचेला लागून ओव्हरडोस होण्याची शक्यता अत्यंत कमी आहे. हातमोजे असतील तर घाला. नसतील तर शोधत बसू नका, नंतर साबणाने हात धुवा.

तिसरी, तो अंगावर येईल ही. यावर थोडा वेळ द्या, कारण यात तथ्य आहे. नॅलॉक्सोनने ओपिऑइडचा अंमल एकदम उतरतो, त्यामुळे अंगाला थरथर, घाम, उलटी, चिडचिड होते. त्या माणसाला हे अतिशय त्रासाचं असतं. म्हणून एक डोस द्यायचा, पुढच्या डोसआधी दोन-तीन मिनिटं जाऊ द्यायची, श्वास परतला नाही तरच दुसरा द्यायचा. डोळे उघडले की घट्ट धरून ठेवायचं नाही, चार जणांनी वर वाकायचं नाही. एकाने शांतपणे सांगायचं: "तुझा श्वास बंद पडत होता. औषध दिलंय. अँब्युलन्स येतेय." बहुतेक माणसं गोंधळलेली आणि थकलेली असतात, मारायला उठत नाहीत. हे वाक्य मी प्रत्येकाला आपापल्या तोंडाने म्हणायला लावते, मराठीत आणि इंग्रजीत.

चौथी भीती पोलिसांची, आणि आपल्यात तिच्यामागे व्हिसा आणि ग्रीन कार्ड असतं. न्यू जर्सीत २०१३ पासून कायदा आहे: ओव्हरडोससाठी प्रामाणिकपणे मदत मागणाऱ्यावर आणि ज्याला ओव्हरडोस झाला त्याच्यावर अमली पदार्थ जवळ बाळगल्याचा किंवा घेतल्याचा खटला भरता येत नाही, आणि नॅलॉक्सोन देणाऱ्यालाही संरक्षण आहे. विकणाऱ्याला हे संरक्षण नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत असे कायदे आहेत, पण तपशील वेगळे असतात, तेव्हा ट्रेनिंगच्या आधी तुमच्या राज्याचा कायदा वाचून जा. इमिग्रेशनचा कायदा मात्र केंद्राचा आहे, राज्याच्या कायद्याचं छत्र तिथवर पोचत नाही. कुणाची स्वतःची अडचण असेल तर त्याला वकिलाकडे पाठवा. औषध देणं आणि फोन करणं हा गुन्हा नाही, एवढं ठामपणे सांगा.

आणखी एक भीती चिठ्ठीवर नसते, पण कुणी ज्येष्ठ काका ती मांडतातच: "एकदा वाचवला की पुन्हा घ्यायला मोकळा." त्यांना गप्प करू नका. त्या प्रश्नामागे पुष्कळदा कुणीतरी जवळचा असतो. ट्रेनिंग आणि स्प्रे मिळालेल्या लोकांवर अभ्यास झाले आहेत, त्यांत यामुळे त्यांचं घेणं वाढल्याचं दिसलेलं नाही. मी त्यांना म्हणते, "काका, त्याने सोडावं असं तुम्हाला वाटतं ना? त्यासाठी तो उद्या जिवंत हवा." आणि मग दुसऱ्या एका डब्याकडे त्यांचं लक्ष वळवते: गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिलेल्या ऑक्सिकोडोनच्या उरलेल्या गोळ्या, ज्या बाथरूमच्या कपाटात अजून आहेत. चुकून दोनदा घेतलेली गोळी, झोपेच्या गोळीबरोबर घेतलेली गोळी, नातवाच्या हाती लागलेली गोळी. शिवाय पोरांना फोनवरून विकत मिळणाऱ्या बनावट गोळ्या, दिसायला हुबेहूब औषधासारख्या आणि आत फेंटानिल. "आपल्यात कुणाला लागतंय" हा प्रश्न इथे बऱ्याच जणांचा मिटतो.

ओळखणं

हे भरभर घ्या, पण प्रत्येक गोष्ट करून दाखवा. खांद्याला धरून हलवा, नावाने मोठ्याने हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या पेरांनी जोराने घासा. प्रत्येकाला स्वतःच्या छातीवर घासून बघायला लावा. ते दुखतं, आणि एवढं दुखूनही जो हलत नाही तो झोपलेला नाही हे लगेच पटतं. श्वास अगदी सावकाश किंवा बंद, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ आणि नखं निळसर. आपल्या सावळ्या कातडीवर निळेपणा दिसत नाही, राखाडी छटा दिसते. ओठ आतून बघा, नखं बघा.

आणि घोरणं. घशातून घरघर आवाज येत असतो आणि घरचे म्हणतात, "घोरतोय, झोपू दे." तो आवाज श्वास अडकत असल्याचा असू शकतो. हाक मारून, हलवून उठत नसेल तर त्याला झोपू द्यायचं नाही. दुसऱ्या खोलीत माणसं असताना अनेक जण असेच गेले आहेत.

हाताचा सराव

आता स्प्रे. वेष्टन मागून सोलायचं. अंगठा खालच्या दट्ट्यावर, पहिली दोन बोटं नळीच्या दोन्ही बाजूंना. एका स्प्रेमध्ये एकच डोस असतो, तेव्हा चालतो का ते बघायला आधी दाबायचा नाही. पडलेल्याला पाठीवर झोपवून मानेखाली हात घालून डोकं मागे करायचं. नळी एका नाकपुडीत बोटं नाकाला टेकेपर्यंत आत घालायची आणि दट्टा पूर्ण दाबायचा.

इथे लोकांचे हात बघत राहा. जवळजवळ सगळे पहिल्यांदा, तान्ह्या बाळाच्या नाकात थेंब घालावेत तशी नळी कडेला धरतात आणि हळूच दाबतात. औषध बाहेर ओघळतं. "अजून आत, बोटं टेकू देत, आता दाब," असं शेजारी बसून सांगा. दुसऱ्यांदा त्यांच्या हातात जोर येतो, चेहराही बदलतो. माझ्या मते माणसाचं मत या क्षणी फिरतं.

एकदा सगळ्यांचं झालं की दुसरी फेरी गडबडीत घ्या. एकाला जमिनीवर आडवं करा, दुसऱ्याला रडायला सांगा, तिसरा म्हणेल "पोलिसांना नको बोलावू." फोन स्पीकरवर टाकून ९११ ला काय सांगायचं ते मोठ्याने बोलायचं: माणूस शुद्धीवर नाही, श्वास घेत नाही, पत्ता हा. भारतातून आलेल्या आई-वडिलांना मुलाच्या घराचा पूर्ण पत्ता सांगता येत नाही, तो इंग्रजीत लिहून फ्रिजवर लावायला सांगा. त्यांना निदान 'नॉट ब्रीदिंग' हे दोन शब्द यायला हवेत.

स्प्रे मारला की थांबून बघत राहायचं नाही. श्वास येत नसेल तर हनुवटी वर, नाक बंद, तोंडावर पडदा ठेवून दर पाच सेकंदांनी एक श्वास. फोनवरची व्यक्ती छाती दाबायला सांगत असेल तर तसं करा. ओव्हरडोसमध्ये जीव जातो तो प्राणवायू न मिळाल्याने, म्हणून स्प्रेचा परिणाम होईपर्यंतची ही मिनिटं मोलाची आहेत. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवायचं, वरचा गुडघा दुमडून पुढे, हात गालाखाली, म्हणजे उलटी झाली तर घशात जाणार नाही. हेसुद्धा प्रत्येकाने सतरंजीवर एकमेकांना वळवून करायचं. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्चीत बसून बघू द्या.

दोन गोष्टी ठासून सांगा. नॅलॉक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटं राहतो, आणि ओपिऑइड त्याहून जास्त वेळ अंगात असू शकतं. तो माणूस उठून "मी ठीक आहे" म्हणाला तरी अँब्युलन्स येईपर्यंत सोडायचं नाही. आणि हल्ली रस्त्यावरच्या मालात झायलाझिनसारखी गुंगीची औषधं मिसळलेली असतात, त्यांवर नॅलॉक्सोन चालत नाही. श्वास नीट सुरू झाला आणि डोळे उघडले नाहीत, तर स्प्रेमागून स्प्रे मारायचे नाहीत. आपल्याला श्वास हवा आहे.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: तिथे नॅलॉक्सोन मुख्यतः इंजेक्शनच्या रूपात, दवाखान्यात मिळतं. तेव्हा १०८ ला फोन, तोंडाने श्वास आणि कुशीवर वळवणं, एवढं तरी प्रत्येकाला यायला हवं.

पुन्हा चिठ्ठ्या

शेवटी तीच सहा वाक्यं पुन्हा भरून घ्या आणि दोन्ही गठ्ठे टेबलावर शेजारी मांडा. लोकांना स्वतःचा बदल बघू द्या. पहिल्या दोन वाक्यांपुढचं 'नाही' बहुतेक पुसलं गेलेलं असतं. चुकण्याची भीती बरीच उतरते. पोलिसांची भीती कमी होते, जात नाही. तुमच्याकडे वेगळं काही दिसलं, उदाहरणार्थ अंगावर येण्याची भीती तेवढीच राहिली, तर पुढच्या वेळी त्या भागाला जास्त वेळ द्या. चिठ्ठ्यांचा खरा उपयोग तुम्हालाच आहे.

एक गोष्ट या चिठ्ठ्यांत दिसत नाही: नशा करणाऱ्याबद्दलचा तिटकारा. तो तासाभरात जात नाही. हात शिकतो त्या वेगाने मन शिकत नाही. मी त्यावर भाषण देत नाही, एक माहिती देते. १९९६ मध्ये शिकागोतल्या काही कार्यकर्त्यांनी नॅलॉक्सोन थेट ड्रग्ज घेणाऱ्यांच्या हातात द्यायला सुरुवात केली, आणि मग देशभर तसे गट उभे राहिले. २०१४ पर्यंत त्या गटांकडे २६ हजारांवर माणसं परत आणल्याच्या नोंदी झाल्या होत्या. त्यातल्या बहुतेकांना वाचवलं ते स्वतः ड्रग्ज घेणाऱ्यांनीच. हे ऐकून खोलीत कुणी लगेच काही बोलत नाही. बोलायला लावू नका. आपल्या समाजात ज्याच्या घरात हे आहे, तो चारचौघांत सांगणार नाही. "कुणाच्या घरी?" असं कधीही विचारू नका. ट्रेनिंग संपल्यावर पंधरा मिनिटं हॉलमध्येच रेंगाळा, म्हणजे ज्याला एकट्याने बोलायचंय त्याला वाट राहील.

घरी नेताना

प्रत्येकाला डबा हातात द्या, नंतर घ्या असं म्हणू नका. डब्यात दोन स्प्रे असतात. दुकानात विकत घ्यायचा तर २०२३ मध्ये साधारण ४५ डॉलर पडत होते, प्रिस्क्रिप्शन त्याच वर्षापासून लागत नाही. घरात सगळ्यांना माहीत असेल अशा जागी ठेवा, कुलपात नको. उन्हाळ्यात आणि कडाक्याच्या थंडीत गाडीत सोडू नका. डब्यावरची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. तारीख उलटली आणि वेळ आली, आणि दुसरा जवळ नसेल, तर तोच वापरा.

तीनेक महिन्यांनी याच लोकांना पुन्हा बोलवा, गणपतीच्या किंवा कोजागरीच्या कार्यक्रमाआधी वीस मिनिटं पुरतात. त्या वेळी काही शिकवू नका. सतरंजी घाला, एकाला आडवं करा, स्प्रे मधे ठेवा आणि कोण उठतं ते बघा.